धनजीशा कूपर : दोन अपुरी मते

साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांच्याविषयी दोन मते प्रचलित असून दोन्ही अपुरी आहेत. पहिल्या मतानुसार, 1 एप्रिल 1937 रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे त्या काळच्या संज्ञेप्रमाणे प्रांतिक मंत्रिमंडळाचे प्रमुख, झालेले कूपर हे मुख्यमंत्रिपदाच्या परंपरेतील पहिले पुरुष असल्यामुळे जिल्ह्याने त्यांचा अभिमान बाळगावा. परंतु हे पद त्यांना बहुमताने मिळाले नव्हते. निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष ठरलेल्या काँग्रेसने, गव्हर्नरच्या विशेषाधिकारांबाबत आश्वासन मिळाल्याखेरीज मंत्रिमंडळ बनवण्यास नकार दिला, म्हणून गव्हर्नरने कूपर यांना पाचारण केले. आणि काँग्रेसने तो नकार मागे घेताच जुलैमध्ये त्या पक्षाचे बाळासाहेब खेर सत्तेवर आले. लोकांचा कौल नसलेल्या पदाला लोकशाहीचा मान देता येत नाही.

दुसरे मत त्यांना निव्वळ इंग्रजांचा हस्तक ठरवते. ते अधिक सोपे आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. कूपर यांचे बळ मुंबईच्या सचिवालयात नव्हे, तर सातारा जिल्हा लोकल बोर्डात होते. रस्ते, दवाखाने आणि प्राथमिक शाळा ज्या संस्थेच्या हाती होत्या, त्या संस्थेवरील मूठभर पांढरपेशांची पकड ब्राह्मणेतर पक्षाने सैल केली, आणि या पक्षाचे जिल्ह्यातील नेतृत्व एका पारशी उद्योजकाकडे, म्हणजे कूपर यांच्याकडे, आले. सत्यशोधक चळवळीने जागवलेला मराठा शेतकरी पाठीशी उभा राहिल्याशिवाय हे घडणे शक्य नव्हते. सातारा रोड येथील नांगर व इंजिने बनवणारा त्यांचा कारखानाही या शेतीप्रधान मुलखाच्या गरजेतूनच वाढला.

मग निव्वळ हस्तक नसूनही त्यांना स्थितिनिष्ठ, म्हणजे प्रस्थापित व्यवस्था राखू पाहणारे, का म्हणायचे? सत्तेची दारे त्यांनी गावोगावच्या पाटील-बागायतदारांपर्यंत उघडली, मात्र कुळापर्यंत आणि कर्जबाजारी रयतेपर्यंत ती उघडण्याची त्यांच्या राजकारणाची तयारी नव्हती. कारखान्याच्या उभारणीत ज्यांनी हातभार लावला, त्या भाऊराव पाटलांशीही त्यांचे पुढे बिनसले, आणि भाऊरावांची खरी हयात रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत गेली. 1930 मध्ये केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर नेते काँग्रेसकडे वळले आणि आज सांगली जिल्ह्यात असलेल्या, पण तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडणाऱ्या बिळाशीत शेतकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला, तेव्हाही कूपर यांनी सरकारशी सहकार्याचीच वाट धरली. बहुजनांच्या जागृतीला त्यांनी सत्तेत वाटा मिळवून दिला, हे त्यांचे कर्तृत्व. त्या जागृतीला स्वराज्याकडे जाण्यापासून रोखू पाहिले, ही त्यांची चूक. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर मांडावी लागतात.

कूपर यांच्या मंत्रिमंडळानंतर अवघ्या सहा वर्षांनी, 1943 मध्ये, तेव्हाच्या याच जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, कराड या तालुक्यांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज राजवटीला समांतर सरकार, उभे राहिले आणि त्याचा आधार कूपर यांचा जुना शेतकरी मतदारच होता.