पाय दिसू द्या

नाटकामागे संहिता उरते. समकालीन नृत्य बहुतेक वेळा नर्तकाच्या अंगातच राहतं आणि त्याच्याबरोबर निघून जातं. म्हणून हा अंक कॅमेऱ्याविषयी.

अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात चार्ल्स ॲटलस या चित्रपटकाराबरोबर खास कॅमेऱ्यासाठी नृत्यं रचली. कॅमेऱ्यासमोरची जागा भिंगापाशी अरुंद असते आणि मागे रुंदावत जाते. त्या हिशेबाने त्यांनी नर्तकांना उभं केलं. २००९मध्ये कनिंगहॅम गेले. ३१ डिसेंबर २०११ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा प्रयोग करून त्यांची नृत्यमंडळी ठरल्याप्रमाणे थांबली. मागे राहिल्या त्यांच्या रचनांच्या डिजिटल पेट्या: चित्रफिती, त्यांची टिपणं, प्रकाशयोजना, वेशभूषा, ध्वनी. मला त्यातली टिपणं चित्रफितीइतकीच मोलाची वाटतात, कारण चौकटीबाहेर कोण उभं होतं हे चित्रफीत सांगत नाही.

आपल्याकडच्या नृत्यमंडळींना कळकळीची विनंती आहे. चेहऱ्यांचे क्लोजअप हवे तेवढे घ्या, पण एक कॅमेरा मागे, स्थिर ठेवा. अख्खा रंगमंच आणि सगळ्यांचे पाय त्यात दिसू द्या. जुन्या कॅसेट कपाटात बुरशी धरण्याआधी डिजिटल करा, दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि फाइलवर तारीख, नर्तकांची नावं त्याच रात्री लिहा.