ढोरांचा डॉक्टर



कपाशीला डवरा घालायच्या दिवसांत बैल बसला, की घराची काय अवस्था होते हे तुम्हाला सांगायला नको. पावसाने उघडीप दिली आहे, तण माजले आहे, आणि जोडीतला एक बैल मान टाकून गोठ्यात पडला आहे. उरलेला एकटा बैल त्या दिवशी काही कामाचा नाही. मग कोणीतरी मोटारसायकल काढतो आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्याकडे धावतो.

तिथे जो भेटतो, तो कोण? पोरीला स्थळ आले तर सात पिढ्या उकरून काढणारे आपण. बैलाच्या शिरेत सुई टोचणाऱ्याला 'बाबा, तू शिकलास काय?' एवढेही विचारत नाही.

दवाखान्यातली माणसे सगळी एका शिक्षणाची नसतात. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो. तो पदवीधर पशुवैद्य. आजच्या अभ्यासक्रमाप्रमाणे साडेचार वर्षे शिकून वर एक वर्ष प्रत्यक्ष काम केलेला. श्रेणी दोनचा दवाखाना पशुधन पर्यवेक्षक चालवतो. त्याच्याकडे पदविका असते. जखम बांधणारा व्रणोपचारक वेगळा, जनावर धरणारा परिचर वेगळा. आपल्या लेखी मात्र सगळेच डॉक्टरसाहेब. आणि कोणाच्या तरी हाताखाली चार वर्षे काढून गावोगाव बॅग घेऊन फिरणारा, तोही डॉक्टरसाहेबच.

पर्यवेक्षकाला कमी लेखायचे नाही. पुष्कळ खेड्यांत रात्री अडलेल्या गाईजवळ कंदील धरून बसलेला तोच असतो. पण १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो, की उपचार करायचा तो नोंदणी झालेल्या पशुवैद्याने. लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी असे प्राथमिक काम राज्य सरकारच्या परवानगीने इतरांना करता येते, तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. कागदावर झकास आहे. देखरेख करणाऱ्याची खुर्चीच रिकामी असली तर पर्यवेक्षकाने काय भिंतीला विचारावे? २०२५ मध्ये लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची जाहिरात एकदम काढली. त्यात नव्या किती आणि जुन्या रिकाम्या किती, हा हिशेब सरकार देवो. गोठ्यात पडलेल्या बैलाला दोन्ही सारख्याच.

शिक्षणाचा आग्रह कशासाठी? कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाऊन जनावर थरथरत कोसळले, तर सगळा घडीभराचा खेळ असतो. विष ओळखून शिरेतून नेमके औषध गेले तर जनावर उठते; पोटफुगी समजून तेल पाजत बसलात तर जाते. दुसरे उदाहरण बॅगवाल्याचे. जनावर पटकन उभे राहावे म्हणून तो स्टिरॉइडची सुई देतो. गाय उठते, मालक खूश, पैसे हातात. पण गाय भरात आलेली गाभण असेल, तर त्याच सुईने ती गाभडू शकते. तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो. सुईचे नाव कोणी विचारत नाही.

आता हे पदवीधर येतात कुठून? मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात सुरू झालेले. नागपूरचे १९५८ चे. परभणीला १९७२ उजाडले, उदगीरला १९८७, शिरवळला १९८८. मुंबईनंतर नागपूरला यायला ७२ वर्षे, आणि मराठवाड्यात पोचायला ८६! त्यातून निघालेले पुष्कळ जण आपल्याच घरातले, कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरे. 'नीट' परीक्षेत माणसांच्या डॉक्टरकीपुरते गुण पडले नाहीत म्हणून इकडे आलेलेही त्यात आहेत. बाप पारावर दबक्या आवाजात सांगतो, 'पोरगं डॉक्टर हाय... ढोरांचा.' ज्या बापाचे घर बैलाच्या मानेवर चालते, त्याला ढोरांच्या डॉक्टरची लाज वाटावी!

आणि शेतकऱ्याचा पोर आहे म्हणून तो आपल्या गोठ्यात टिकेल असेही नाही. औषध कंपनीत जातो, बँकेत जातो, शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना थाटतो. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. दुधाला आणि कापसाला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव नसेल, तर त्या गोठ्यातून डॉक्टरची फी निघायची कशी? जिथे फी निघते तिथे तो जातो. तुमचाआमचा मुलगा असता तरी हेच करता.

उलट, शहरात वाढलेली एखादी मुलगी परीक्षा देऊन आपल्या तालुक्याला येते. अशा मुलींची संख्या आता चांगलीच वाढली आहे. तिला कासऱ्याची गाठ मारता येत नसेल. पण पोटात आडवे आलेले वासरू कसे वळवायचे, हे ती शिकून आलेली असते. आपला माणूस मात्र दारात उभा राहून तिलाच विचारतो, 'मॅडम, साहेब कधी येतील?' साहेब तीच आहे. तिला रात्री गोठ्यावर बोलवायचे असेल तर न्यायला-आणायला घरातली बाई सोबत पाठवा, वाटेत बॅटरी धरा.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लस टोचणारा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हे कोणी विचारले नाही. महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रत्यक्ष काम करणारी पोरेसुद्धा त्या कामाला लावली होती. मेलेल्या बैलामागे सरकारने २५,००० रुपये दिले. त्या पैशात डवऱ्याला चालेल असा बैल कोणत्या बाजारात मिळतो, ते सरकारने दाखवून द्यावे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपापल्या दवाखान्यावर एक चक्कर मारावी. डॉक्टरचे नाव, शिक्षण आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दर्शनी भिंतीवर लिहिला आहे का, जागा भरलेली आहे की दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जादा कारभार आहे, रिकामी असेल तर कधीपासून, हे कागदावर टिपून आणा. विचारताना आवाज चढवू नका. आत बसलेला माणूस बहुधा तीन दवाखाने एकटा सांभाळत असतो. पाटीच नसेल तर तेही लिहा. सगळ्या तालुक्यांचे कागद एकत्र करून बैठकीतूनच जिल्हा परिषदेवर जायचे आहे.