स्पॅममध्ये कोणी ढकललं?

परवा आमच्या आत्येभावाने फोनवर तोफ डागली. "फराळाच्या ऑफरचे मेल सगळे स्पॅममध्ये! गूगलला जाहिरातीचे पैसे हवेत, दुसरं काय."

पत्ते कुठून आणलेस, विचारलं. तर म्हणे सात वर्षांतलं प्रत्येक गिऱ्हाईक, शिवाय एका प्रदर्शनातली वही! वर्षभर चकार शब्द नाही, आणि वसुबारसेच्या आदल्या रात्री एकदम वीस हजार मेल. अहो, कधी न फिरकणारा माणूस मध्यरात्री वऱ्हाड घेऊन दारात आला तर तुम्ही तरी कडी काढाल का?

जीमेलने नियम काही लपवलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याने एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क लावून ओळख पटवायची, एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय द्यायची, आणि 'हे स्पॅम आहे' अशा तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. हजारात तीन, बस्स! आमच्या बंधुराजांनी नाव काढायची लिंक तळाशी फिक्या करड्या अक्षरांत दडवलेली. स्पॅमचं बटण मात्र वरच असतं. लोक तेच दाबणार. (मीही दाबलंय. हे तो वाचणार, माहीत आहे.)

बरं, ऑर्डरच्या पावत्याही त्याच पत्त्यावरून जातात. एका काकूंनी पैसे भरले, पावती गेली स्पॅममध्ये, आणि आपण फसलो म्हणून त्या दोन दिवस बेचैन. त्यांचा काय गुन्हा?

म्हटलं, दोन वर्षांत ज्यांनी एकही मेल उघडला नाही त्यांची नावं काढ, उरलेल्यांना थोडे थोडे पाठव.

"म्हणजे यादी अर्धी होईल!" म्हणून त्याने फोन ठेवला.