मायना लांबला, प्रश्न हरवला

बडोद्यालगतच्या बाजव्यातून तिथल्या कलेक्टर कचेरीत जाणारा एखादा अर्ज हाती घेऊन पाहावा. पाण्याचा असो, रस्त्याचा असो, रात्री कारखान्यांच्या बाजूने येणाऱ्या वासाचा असो. वरच्या पाच-सहा ओळी ‘प्रति’नेच खाल्लेल्या असतात. प्रत राष्ट्रपतींना धाडायची असेल तर ‘परम आदरणीय’, ‘महामहिम’ अशी विशेषणे एकापाठोपाठ एक उभी राहतात. मग गुजराती वळणाचे ‘सविनय जणाववानुं के’, मग तसदीबद्दल आगाऊ क्षमा. नळाला पाणी किती दिवस नाही, आधीचा अर्ज कोणत्या तारखेला दिला, त्याचे पुढे काय झाले, हे सारे शेवटच्या दोन ओळींत, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात कोंबलेले. वर मान कमी पडला तर खालचे कोणी वाचणार नाही, अशी अर्ज करणाऱ्याची आणि लिहून देणाऱ्याची, दोघांचीही खात्री असते. प्रजासत्ताक होऊन पाऊणशे वर्षे उलटली तरी नागरिकाच्या मनात ही खात्री इतकी घट्ट बसलेली असावी, याची आम्हाला चिंता वाटते. तिच्याहून अधिक चिंता वाटते ती ही खात्री पत्रकारांच्याही मनात शिरू लागली आहे, याची.

वास्तविक हा प्रश्न निकालात निघालेला आहे. ऑक्टोबर २०१२मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशांतर्गत समारंभांत आपल्या नावाआधी ‘महामहिम’ लावू नये, ‘राष्ट्रपती महोदय’ पुरे, असे ठरवून दिले. राज्यपालांसाठीही तोच दंडक आला. राज्यघटनेच्या १८व्या कलमाने किताब आधीच रद्द केले होते. १९७१च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. इतके होऊनही निमंत्रणपत्रिकांवर, कमानींवर आणि बातम्यांच्या पहिल्या वाक्यात ‘महामहिम’ ठाण मांडून बसला आहे. ज्याने पद भूषवले त्यानेच नको म्हटलेला मान आपण त्याच्यावर लादतो आहोत.

मानाचे मोजमाप सुरू झाले की काय होते, हे बडोद्याएवढे कोणाला ठाऊक असणार? १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर एकेक संस्थानिक जात होता. निजामानंतर सयाजीराव गायकवाडांची पाळी आली. महाराज साध्या पोशाखात, हातात काठी घेऊन गेले, एकदाच लवले आणि पाठ वळवून परतले. बादशहाकडे पाठ न करता मागे सरकायचे, असा रिवाज होता. मुद्दाम केले की गोंधळून, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. पण त्या काही क्षणांवरून लंडनच्या वर्तमानपत्रांत काहूर माजले, दरबाराचे चलच्चित्र तिथल्या थिएटरांत लोकांनी पाहिले, आणि महाराजांना व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्याकडे खुलाशाचे पत्र पाठवावे लागले.

त्याच सुमारास बडोदे संस्थानात काय चालले होते? १८९३मध्ये अमरेली भागात करून पाहिलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६पासून सबंध संस्थानात लागू झाले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचा पत्ता नव्हता. १९१०पासून अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले जात होते. साम्राज्याच्या वर्तमानपत्रांनी यातले काही विचारले असते तर पंचाईत साम्राज्याची झाली असती: जे एक संस्थान करू शकते ते तुमच्या प्रांतांत का होत नाही? तो प्रश्न बाजूला राहिला. महाराज किती वेळा वाकले, यावर शाई सांडली. सत्तेला हे नेहमीच सोयीचे असते. माणूस काय म्हणाला याचे उत्तर देण्यापेक्षा तो कसा म्हणाला याची चौकशी लावणे सोपे.

आज तेच चालले आहे, आणि त्यात कोणताही पक्ष मागे नाही. सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात पत्रकार अर्णब गोस्वामी यांच्यावर मुख्यमंत्र्यांविषयी वापरलेल्या भाषेवरून हक्कभंगाचा प्रस्ताव आला. ती भाषा आम्हाला मुळीच मान्य नाही. पण हक्कभंग हे शस्त्र सभागृहाच्या कामात अडथळा आणणाऱ्यांसाठी आहे, मुख्यमंत्र्यांना अरेतुरे करणाऱ्यांसाठी नाही. ऑगस्ट २०२१मध्ये त्याच मुख्यमंत्र्यांविषयीच्या एका उद्दाम वाक्यासाठी केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना अटक झाली. एप्रिल २०२२मध्ये गुजरातच्या पालनपूरहून आमदार जिग्नेश मेवाणी यांना आसामचे पोलीस उचलून घेऊन गेले. कारण पंतप्रधानांविषयीचे ट्वीट. दोन राज्यांत सत्ताधारी वेगवेगळे होते, खाक्या एकच.

उलट बाजूही लपवण्याचे कारण नाही. २७ जुलै २०२२ रोजी लोकसभेतले काँग्रेसचे नेते अधीर रंजन चौधरी यांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्याविषयी जो शब्द उच्चारला तो लाजिरवाणा होता. एका आदिवासी स्त्रीने देशाचे सर्वोच्च पद स्वीकारल्याला पुरता आठवडाही झाला नव्हता. चौधरींनी लेखी माफी मागितली, ती मागायलाच हवी होती. पण त्या दिवसांत संसदेत महागाईवरची चर्चा अडून राहिली होती. एका शब्दाने विरोधकांच्या हातातला प्रश्न काढून घेतला आणि सत्ताधाऱ्यांना दिवसभर ओरडायला विषय दिला. उर्मट संबोधन आणि लाचार संबोधन दिसायला परस्परविरुद्ध, पण दोन्ही प्रश्नच मारतात. म्हणून जो पत्रकार ‘मी कोणाला जी-हुजूर करत नाही’ म्हणत एकेरीवर उतरतो, तोही या पेशाचे भले करत नाही.

संबोधन आटोपून थेट मुद्द्यावर येण्याची शिस्त मराठीला खरे तर नवी नाही. पेशवाईतली पत्रे काढून पाहा. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ हा मायना ठरलेला. कोणाला कोणता, हे कारकुनाला पाठ. तो एकदा लिहून झाला, ‘विनंती उपरी’ आले, की लेखणी थेट कामाला लागायची: फौज कुठवर आली, खंडणी किती थकली, कोणी दगा केला. पुढच्या मजकुरात स्तुतीचा पाल्हाळ नाही. मायना ठरलेला असल्यामुळेच मजकूर मोकळा असे. आज आपला मायना ठरलेला नाही, म्हणून प्रत्येक जण भीतीपोटी थोडा थोडा वाढवत नेतो.

वाहिन्यांवर हे रोज दिसते. मोठ्या पदावरची व्यक्ती गाडीतून उतरते, दहा बूम पुढे सरसावतात, आणि प्रश्न येतो तो असा: ‘साहेब, आपल्या मार्गदर्शनाखाली आज एवढा भव्य प्रकल्प उभा राहिला, काय सांगाल?’ यात विचारले काय? ‘काय सांगाल’ला कोणीही काहीही सांगू शकतो. खर्च मूळ अंदाजाहून किती वाढला, जमीन गेलेल्यांपैकी किती जणांना नोकरी मिळाली, हे विचारायला ‘साहेब’ आडवा येत नाही. आडवे येते ते पुढचे वाक्य. १७ मे २०१९ रोजी दिल्लीत पंतप्रधान पत्रकार परिषदेत बसले, पण प्रश्नांची उत्तरे पक्षाध्यक्षांनी दिली. त्यानंतर हा विषय देशाच्या पहिल्या पानावर महिनोन्‌महिने राहायला हवा होता. तसे झाले नाही.

याच्या शेजारी अबू अब्राहम यांचे १९७५चे व्यंगचित्र ठेवावे. आणीबाणी लागू होती, सेन्सॉर बसलेला होता. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद न्हाणीघरातल्या टबमध्ये बसून वटहुकमावर सही करून देत आहेत, आणखी काही असतील तर जरा थांबायला सांगा, असे म्हणत आहेत. राष्ट्रप्रमुखाचे इतके उघडेवाघडे चित्र याआधी क्वचितच कोणी काढले असेल. तरीही त्यात एकही शिवी नाही, एकेरी उल्लेख नाही. घटनेने राष्ट्रपतींवर टाकलेली विचार करण्याची जबाबदारी पार पडते आहे का, एवढाच प्रश्न त्या चित्रात होता, आणि आजही तो टोचतो.

जगाने यावर बराच खल केला आहे. १७८९मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये ‘हिज हायनेस’पासून सुरू होणारी लांबलचक पदवी सुचवली गेली; प्रतिनिधीगृहाने ती मानली नाही, आणि नुसते ‘प्रेसिडेंट’ राहिले. २०१८मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांना एका शाळकरी मुलाने लाडक्या नावाने हाक मारली. त्यांनी त्याला जागच्या जागी टोकले आणि ‘अध्यक्ष महाशय’ म्हणायला सांगितले. पोलीस बोलावले नाहीत. थायलंडमध्ये राजाचा अवमान केला म्हणून दर गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. आपण या वाटांपैकी कोणत्या वाटेला लागलो आहोत, ते पाहण्याची वेळ आली आहे.

राष्ट्रपतींना प्रश्न विचारून उपयोग काय, ते तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, असे कोणी म्हणेल. घटनेचे ७८वे कलम वाचावे. संघराज्याच्या कारभाराविषयी राष्ट्रपती मागतील ती माहिती पुरवणे हे पंतप्रधानांचे कर्तव्य आहे. १६७व्या कलमाने राज्यपालांना मुख्यमंत्र्यांकडून तशीच माहिती मागता येते. शिवाय ३६१व्या कलमामुळे पदावर असताना दोघांनाही आपल्या अधिकाराच्या वापराबद्दल न्यायालयाला जाब द्यावा लागत नाही. जिथे न्यायालयाची वाट नाही तिथे नागरिकाचा अर्ज आणि पत्रकाराचा प्रश्न यांचे वजन वाढते. तो अर्ज विशेषणांनी फुगवून आपणच हलका करतो.

आमचा आग्रह साधा आहे. एकदा ‘राष्ट्रपती महोदय’ किंवा ‘राज्यपाल महोदय’, पुढे सबंध मजकुरात ‘आपण’. हेच गावच्या शेतकऱ्याने लिहावे आणि हेच दिल्लीच्या संपादकाने म्हणावे. अर्जाची पहिली ओळ तक्रारीची, दुसरी तारखेची. कचेऱ्यांनी आपल्या नमुना अर्जांतून ‘महामहिम’ काढून टाकावा. संबोधनात चूक झाली तर टोकावे, पण गुन्हा नोंदवू नये, पत्रकाराचा पासही काढून घेऊ नये.

हे आम्ही बाजव्यातून लिहितो आहोत, त्याला कारण आहे. शेजारच्या कोयलीच्या रिफायनरीची कोनशिला १९६३मध्ये पंडित नेहरूंनी बसवली, आणि ऑक्टोबर १९६६मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागली, दोन माणसे दगावली. ९ जुलै २०२५ रोजी पाद्रा तालुक्यातला महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. कमीत कमी वीस जणांचे जीव गेले. पुलाच्या धोक्याविषयी जिल्हा पंचायतीच्या एका सदस्याने २०२२मध्येच तक्रार केली होती, हे दुर्घटनेनंतर वर्तमानपत्रांतून लोकांना कळले. राष्ट्रपती किंवा राज्यपाल पुढच्या खेपेला या जिल्ह्यात येतील तेव्हा ‘महोदय’ म्हटल्यावर पहिला प्रश्न त्या तक्रारीचा असावा आणि दुसरा कोयलीच्या टाकीचा: आपण सरकारकडून माहिती मागवलीत का, आणि काय उत्तर आले? हे कोण विचारणार, ते बडोद्याच्या पत्रकारांनी पाहुणे विमानतळावर उतरण्याआधीच आपसांत ठरवून ठेवावे.