साडेबारा किलोंचा हिशेब

या सदरात आपण बहुधा शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, कर्ज-जामीन अशा घरगुती प्रश्नांवर बोलतो. आजचा विषय सायकलचा आहे; पण तोही शेवटी घरखर्चाच्या वहीतच येऊन पोचतो, म्हणून लिहीत आहे.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या मागच्या अंगाला एका जुन्या वाड्यात माझी थोरली बहीण राहते. दीड खोली आणि पुढे लाकडी गॅलरी. दाजी वायरींच्या दुकानात नोकरीला आहेत. भाचा बारावीनंतर सायकलींच्या एका मोठ्या दुकानात मिस्त्रीच्या हाताखाली लागला. वय २३, पगार १७,००० रुपये. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रविवारी तो पतपेढीचा छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, जामीन म्हणून तुमची सही पाहिजे."

कर्ज अडीच लाखांचे. कशासाठी? तर सायकलसाठी! स्वतःचे साठवलेले पन्नास हजार घालून तीन लाखांची डोंगरात चालवायची सायकल घ्यायची होती. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप, वजन साडेदहा किलो.

खरे सांगतो, माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे, "अरे, ही आपली कामे नव्हेत." माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काळ्या सायकलवरून जात. ती सायकल वीस किलोंच्या आसपास भरे, आणि तिच्यावर डबा, दळण, शिवाय मी असे सगळे असे. दाजींनीही तेच ऐकवले, "आम्ही पोटासाठी सायकल मारली, तू हौसेसाठी मारणार?" पोरगा काही बोलला नाही. अर्ज घडी करून खिशात घातला आणि जिना उतरून गेला. त्याचा तो न बोलणारा चेहरा मला आठवडाभर सोडीना. आपल्या मुलाने टेकडीवर आनंदासाठी जावे, शर्यतीत उतरावे, याला "आपले काम नव्हे" असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? इतकी वर्षे हे वाक्य दुसऱ्यांकडून ऐकले, आणि आता मीच ते घरातल्या पोराला ऐकवत होतो.

पुढच्या रविवारी मीच वाड्यावर गेलो. म्हटले, "मला ही सायकल समजावून सांग. मग सहीचे बघू."

पोराने दोन तास शिकवले. अशा सायकलचा जन्म मोठ्या कारखान्यात झालेलाच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुटत. १९७६ मध्ये त्यांनी शर्यत सुरू केली, तिचे नाव 'रिपॅक'. पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे की हबमधले ग्रीस धूर होऊन जाई, आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून हे नाव. त्यांच्यापैकीच जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. म्हणजे हा खेळ उभा राहिला तो जुन्या सामानातून आणि स्वतःच्या हातांनी.

मी विचारले, "मागच्या शॉकअपची गरज काय? पुढचा पुरे नाही का? तेवढेच वजन आणि पैसे वाचतील." तो म्हणाला, "मामा, बरीच वर्षे शर्यतवालेसुद्धा हेच म्हणत होते. पेडल मारताना मागचा भाग खालीवर होतो आणि जोर वाया जातो, ही तक्रार खरीच होती. पण दगडावरून मागचे चाक उडाले, तर हवेतले चाक जमिनीला काय ढकलणार? मागे शॉकअप असला की चाक जमीन सोडत नाही, आणि कंबरही वाचते." यंत्रे सुधारली तशी ही तक्रार मागे पडली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक देशाचा कुल्हावी आणि २०१६ च्या रिओमध्ये स्वित्झर्लंडचा शुर्टर, दोघांनीही मागे शॉकअप असलेल्या सायकलवर सुवर्णपदक घेतले.

मग मी माझे बी.कॉम. बाहेर काढले. अडीच लाख, द.सा.द.शे. १४, मुदत तीन वर्षे. हप्ता साडेआठ हजारांच्या वर, म्हणजे अर्धा पगार. एकूण व्याज ५७ हजारांच्या पुढे. ताई घरखर्चाला त्याच्याकडून नऊ हजार घेते. ते दिल्यावर हप्त्यालाही पैसे पुरत नाहीत. "सही करणार नाही," मी म्हटले, "पण सायकल करू नकोस असेही म्हणणार नाही. तू मिस्त्री आहेस. एकेक भाग जमव आणि स्वतः बांध."

या धंद्यात एक म्हण आहे. हलके, मजबूत आणि स्वस्त, यांतली कोणतीही दोन मिळतात, तिसरे सोडावे लागते. आम्ही थोडे हलकेपण सोडायचे ठरवले. एक दोनशे पानी वही घेतली. डाव्या रकान्यात रुपये, उजव्यात ग्रॅम. भागाच्या खोक्यावर छापलेले वजन धरायचे नाही, काट्यावर टाकून जे येईल तेच लिहायचे.

सोळा महिने लागले. घरखर्च दिल्यावर महिना पाच हजार बाजूला. संध्याकाळी गॅलरीत वाड्यातल्या पोरांच्या सायकली दुरुस्त करून वरचे चहापाणी. वहीतला शेवटचा जमाखर्च असा:

मागच्या शॉकअपसह वापरलेली ॲल्युमिनियमची फ्रेम ४५,००० रुपये, २,९०० ग्रॅम. हवेवर चालणारा वापरलेला फोर्क, ज्याला आपले मिस्त्री चिमटा म्हणतात, २२,००० रुपये, १,६५० ग्रॅम. चाकांची जोडी १६,००० रुपये, १,८०० ग्रॅम. क्रँक, चेन, बारा चक्रांची कॅसेट व गिअर २२,००० रुपये, २,१५० ग्रॅम. तेलावर चालणारे डिस्कब्रेक ८,००० रुपये, ७५० ग्रॅम. टायर व आतले द्रव ६,००० रुपये, १,६५० ग्रॅम. हँडल, सीट, पेडल वगैरे ६,००० रुपये, १,३५० ग्रॅम. संकीर्ण ५,००० रुपये, २५० ग्रॅम. एकूण १,३०,००० रुपये आणि साडेबारा किलो.

दुकानातल्या सायकलपेक्षा दोन किलो जड आणि १,७०,००० रुपयांनी स्वस्त. म्हणजे एक ग्रॅम कमी करायला ८५ रुपये! या दोन किलोंनी फरक किती पडतो, तेही काढून पाहिले. पोराचे वजन ५८ किलो. सायकल, पाणी, बूट धरून ७३. उभ्या चढाला वेळ साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात लागतो. तेव्हा अर्ध्या तासाच्या चढावर दोन किलोंनी पन्नास सेकंदांच्या आतबाहेर फरक पडेल. अव्वल शर्यतीत पन्नास सेकंद फार मोठे. पहिल्या वर्षाच्या पोराला तेवढे सेकंद रोजच्या सरावातून मिळतात, आणि त्याला व्याज लागत नाही.

वजन कमी करायचेच तर कुठे करावे, हेही शिकण्यासारखे आहे. टायर आणि रिम यांचे वजन नुसते पुढे जात नाही, ते फिरतही असते. म्हणून वेग घेताना तिथला शंभर ग्रॅम जवळजवळ दोनशेसारखा जाणवतो. पोराने पैसे सीटवर आणि हँडलवर घातले नाहीत, चाकांवर घातले. हब, रिम आणि तारा वेगवेगळ्या आणून चाके स्वतः भरली, आणि तीन रात्री बसून त्यांचा आउट काढला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एक मागचा हब स्वस्तात मिळाला म्हणून उचलला, आणि नंतर कळले की फ्रेमला १४८ मिलिमीटरचा हब लागतो, हा १४२ चा आहे. सहा मिलिमीटरने दीड हजार रुपये बुडाले. संकीर्णमध्ये ते आहेत. पहिली जुनी फ्रेम पाहायला गेलो तेव्हा विकणारा म्हणाला, "एकदम नव्यासारखी." पोराने फडक्याने पुसून विजेरी मारली, तर वेल्डिंगशेजारी केसाएवढी चीर. तशीच ठेवून परत आलो. जुनी फ्रेम घेणाऱ्याने वेल्डिंगच्या कडा पाहाव्यात, आणि मागचा भाग जिथे बिजागरीसारखा हलतो तिथे चाक धरून आडवे हलवून पाहावे. खडखड आली तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करावा.

आणखी एक गोष्ट. काळ्या सायकलचा नट आपण हाताच्या अंदाजाने आवळतो. हलक्या भागांना तो अंदाज चालत नाही. हँडलजवळच्या बोल्टवर पाच न्यूटन-मीटर असे लिहिलेले असते. ताकद मोजणारा टॉर्क पाना लावून तेवढेच आवळायचे. जास्त पिळले की दांडा चिरतो, आणि तो मोडतो उतारावर.

सायकल उभी राहिली तेव्हा मागचे चाक जिन्याच्या कठड्याला आणि पुढचे ताईच्या पिंपाला टेकले होते. दाजी कामावरून आले, त्यांनी ती एका हाताने उचलून पाहिली आणि काही न बोलता पुन्हा उचलून पाहिली.

मी वेताळ टेकडीवर त्याच्याबरोबर गेलो, अर्थात पायी. शहरातले हे सर्वांत उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. निघण्याआधी शॉकअपची हवा पाहावी लागते. त्याचा पंप वेगळा असतो, काटा असलेला. रस्त्यावरच्या पंपाचे ते काम नव्हे. अंगावरच्या सगळ्या सामानासह सीटवर बसल्यावर शंभर मिलिमीटरचा फोर्क वीसेक मिलिमीटर दबला पाहिजे. न दबला तर हवा जास्त, फार दबला तर कमी. टायरमध्ये ट्यूब नाही, हवा बेताचीच, म्हणजे टायर दगडाला धरतो.

चढावर तो सीटवरून उठत नव्हता. उठले की मागच्या चाकावरचा भार जातो आणि मुरमावर चाक जागच्या जागी फिरते. उतारावर मात्र सीट सोडून, गुडघे-कोपर सैल ठेवून अंग मागे घेत होता. ब्रेकवर एकेकच बोट. नजर पुढच्या चाकाकडे नाही, दहा-पंधरा पावले पुढे. "मामा, दगडाकडे बघितलं की सायकल दगडावरच जाते," तो म्हणाला. फिरायला आलेले आजी-आजोबा दिसले की तो थांबून पाय टेकी. टेकडी सर्वांची आहे. पावसात तो तिकडे जातच नाही. ओल्या वाटेवर चाकाची चाकोरी पडते, पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. आणि काळी माती चाकात अशी भरते की साडेबारा किलोंचे कितीतरी जास्त होतात.

यंदा तो एका शर्यतीत उतरला. ४१ जणांत १७ वा आला. टायर कडेने फाटला नसता तर दोन-चार जागा वर सरकला असता, असे तो म्हणतो. पदक नाही. पण दुकानात मालक आता शॉकअप असलेल्या सायकली त्याच्याच हाती देतात, कारण ते काम तो आतून जाणतो. पगार तीन हजारांनी वाढला आहे. पन्नास तास चालवल्यावर फोर्कचे तेल बदलावे लागते, तेही तो स्वतः करतो.

सांगायचे ते एवढेच. मुलाने महागडी गोष्ट मागितली की आपल्या घरात दोनच उत्तरे तयार असतात. एक, "ही आपली कामे नव्हेत." दुसरे, "काढ कर्ज, बघू पुढचे पुढे." पहिल्याने पोराचे मन मोडते, दुसऱ्याने घर. त्याआधी मुलाशेजारी वही घेऊन बसावे आणि ती वस्तू आतून कशी असते हे त्यालाच विचारावे. तो सांगू शकला, तर वाट बहुधा निघते. सांगू शकला नाही, तर त्याचे त्यालाच कळते.

परवा वाड्यावर गेलो तर धाकटी भाची सायकलवर बसण्यासाठी भावाच्या मागे लागली होती. तिचे वजन ४५ किलो. पोराने सीट खाली घेतली, पंप लावून पुढची-मागची हवा कमी केली, आणि वहीत नवे पान काढून तिच्या नावाने दोन आकडे लिहून ठेवले.