चंचल मूल आणि घरचीं माणसें

घरची गोष्ट चव्हाट्यावर आणूं नये, असा आमच्या मंडळींचा आग्रह. परंतु हीच भीड कित्येक घरांत मुलांच्या मुळावर येते, म्हणून लिहितों.

आमचा नऊ वर्षांचा नातू बुद्धीनें चलाख. एकदां ऐकलेली कथा जशीच्या तशी सांगेल. पण पांच गणितें सलग करणार नाहीं. दप्तर शाळेंत विसरतो, डबा बसमध्यें. जेवतांना पानावरून तीनदां उठतो. आजी म्हणे, दृष्ट लागली. काका म्हणे, मोबाइलचे लाड. आणि चौतीस वर्षें वर्गापुढें उभे राहिलेले आम्ही म्हणत होतों, शिस्त नाहीं. सर्वांचा रोख अखेर सुनेकडे जाई. तिनें उलट उत्तर दिलें नाहीं. शाळेंतून सूचना येतांच ती मुलास घेऊन एकटीच तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनीं आईबापांस व शिक्षकांस निरनिराळें विचारून, डोळे-कान तपासवून, या स्थितीस ए. डी. एच. डी. म्हणतात असें सांगितलें. आम्ही तिला अवधानाची उणीव व अतिचांचल्य म्हणतों. हें एका दिवसाच्या धांगडधिंग्यावरून ठरत नाहीं. लक्षणें बाराव्या वर्षाच्या आंत दिसूं लागलेलीं, सहा महिने तरी टिकलेलीं आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणीं तरी आढळलेलीं असावीं लागतात. कित्येक मुलींत धांवपळ नसतेच. त्या नुसत्या खिडकीबाहेर पाहात बसतात, म्हणून कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. ही आजकालची टूमहि नव्हे; लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं अशाच कांहीं मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं होतीं. या प्रकृतींत आनुवंशाचा वांटा मोठा असतो. आईच्या लाडांनीं ती उत्पन्न होत नाहीं.

हें ऐकून आम्हांस एक जुना विद्यार्थी आठवला. त्यास आम्हीं वर्षभर वर्गाबाहेर उभें केलें. पुढें त्यानें शाळा सोडली. त्याची प्रकृति हीच होती, असें आज म्हणतां येणार नाहीं. पण कारण आम्हीं कधीं विचारलें नाहीं, एवढें खरें.

गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुनासारखा वीरहि मनाच्या चांचल्यापुढें हात टेकतो. त्यास दोष न देतां भगवंत अभ्यास सांगतात. मात्र अधू दृष्टीच्या मुलास चष्म्यावांचून वाचनाचा अभ्यास सांगणें व्यर्थ. तसेंच येथें आहे. आधार आधीं, अपेक्षा मागाहून.

आमच्या घरीं आतां कांहीं नियम आहेत, आणि ते प्रथम वडीलधाऱ्यांना आहेत. लांबून ओरडावयाचें नाहीं; जवळ जाऊन एका वेळीं एकच काम सांगावयाचें. अभ्यास दहा-दहा मिनिटांचा, मध्यें अंगणांत धांवणें. दप्तराची यादी दारावर. चांगलें केलें कीं तत्काळ शाबासकी. संध्याकाळपर्यंत ती शिळी होते. निजण्याची वेळ ठरलेली. पाहुण्यांसमोर 'आमचा वांड' म्हणावयाचें नाहीं, आणि चुलत भावाशीं तुलना मुळींच नाहीं.

औषधाचें भय आम्हांसहि वाटलें. सहा वर्षांखालील मुलांत औषधाआधीं आईबापांस वागणुकीचें शिक्षण देतात. मोठ्या मुलांस गरजेप्रमाणें औषधहि देतात. त्यानें भूक अथवा झोप कमी झाल्यास डॉक्टरांस सांगावें. शेजाऱ्यांच्या सल्ल्यानें तें बंद करूं नये.

एके रात्रीं आम्ही सुनेस म्हणालों, "मुली, आम्हीं तुला उगाच दोष दिला." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मामंजी, उद्यांपासून त्याचें गणित तुम्ही घ्या. मला तेवढा अर्धा तास हवा आहे."

तेव्हांपासून रोज सायंकाळीं आम्ही घेतों. पांच गणितांपैकीं तीन होतात. ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांनीं मुलाची चौकशी करावीच. पण त्याच्या आईस अर्धा तास मिळतो कीं नाहीं, हेंहि पाहावें.