मोबाईल की माध्यम?

एक पालक सलाम करून समोर बसले. "मॅडम, मोबाईल हातात दिला आणि पोरीचे मार्क घसरले. दहावीला ८२ टक्के, अकरावीच्या सहामाहीत ५४. आता मोबाईल बंद, क्लासही बंद." मुलगी क्लॅटची तयारी करते. वकील व्हायचंय तिला.

गंमत म्हणजे क्लॅटच्या १२० प्रश्नांत साधारण पाचवा हिस्सा तर्काचा, आणि त्यात हेच विचारतात: 'अ' नंतर 'ब' घडलं, म्हणून ते 'अ'मुळेच घडलं, हा युक्तिवाद कोणत्या विधानाने कमकुवत होतो? इथे 'ब' घडलंच नाही म्हणायचं नसतं. ते मान्य करून त्याचं दुसरं कारण दाखवणारा पर्याय निवडायचा. 'मोबाईल महाग होता' हे विधान खरं असेल, पण इथे निरुपयोगी. मुलं तिथेच फसतात, वर चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो.

मी विचारलं, "दहावी कोणत्या माध्यमातून?"

"उर्दू."

"आणि अकरावी?"

ते थांबले. "इंग्रजी."

मोबाईल आला त्याच वर्षी माध्यमही बदललं होतं. याने मोबाईल निर्दोष सुटत नाही, एवढंच की तो एकटा आरोपी उरत नाही. मग तपासायचं कसं? मोबाईलच कारण असेल तर उर्दूचे मार्कही घसरायला हवेत. रात्री त्यांनी गुणपत्रिकेचा फोटो पाठवला. उर्दूत ८१.

मोबाईल आता रात्री अम्मीजवळ असतो. क्लास चालू आहे, आणि इंग्रजीसाठी मी रविवारी तासभर देते.